मास्टरची मंडळी

डिलाईल रोडला मला खोली मिळाली ती माझ्या चालण्यावरून. गाव, पगार, जात, लग्न, यातलं काहीच घरमालकांनी विचारलं नाही. दार उघडल्यावर त्यांनी आधी माझ्या पायांकडं बघितलं, चपला बाहेर काढायला लावल्या आणि म्हणाले, "ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाल."

मी कराडहून आलेली. दादरला एका चष्म्याच्या दुकानात नुकतीच लागले होते. राहायला जागा मिळत नव्हती, त्यामुळं समोरचा माणूस उलटं चाल म्हणाला असता तरी चालले असते. मी चालले. ते माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांची नजर कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीवर होती. तीन फूट लांबीची टाकी, लोखंडी स्टँडवर ठेवलेली, वर निळसर दिवा. आत मासा एकही नाही. नुसते दगड, आणि दगडांच्या फटीतून वर आलेल्या सात नळ्या. बोटाएवढ्या जाड, जुन्या कागदाच्या रंगाच्या. प्रत्येक नळीच्या तोंडाशी एकेक गोल पिसारा फुललेला, तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा. दाढीचा ब्रश पाण्यात उमलावा तसा.

मी खोलीच्या मध्यावर पोचले आणि दोन पिसारे एकदम नाहीसे झाले. मिटले नाहीत, हलले नाहीत. होते, आणि नव्हते. नुसत्या रिकाम्या नळ्या राहिल्या.

"दोनच गेले," ते समाधानानं म्हणाले. "काल एक बाई आली होती, तिनं उंबरा ओलांडला तर सातही आत. तू राहा."

त्यांना सगळी गल्ली मास्टर म्हणायची. शाळेचे नव्हेत, बेंजोचे. गिरणगावात मिरवणुकीपुढं जी बेंजो पार्टी वाजते, ढोल, ताशा, कच्छी बाजा आणि मध्ये तो तारांचा बेंजो, तशा एका पार्टीचे ते तीस वर्षं म्होरके होते. लालबागपासून कॉटन ग्रीनपर्यंत हळदी, बारशी, गणपती, गोविंदा, निवडून आलेले नगरसेवक, सगळ्यांपुढं वाजवलेलं. त्यांच्या एका इशाऱ्यावर चाळीस ढोल थांबायचे, असं लोक सांगत. मी राहायला गेले तोवर त्यांनी वाजवणं सोडून सहा वर्षं झाली होती. ते स्वतः वाजवायचे तो ढोल कुणाला तरी देऊन टाकला होता. ज्या स्टँडवर तो असायचा त्यावर आता टाकी होती.

आणि हा माणूस आता आवाजाचा वैरी झाला होता. आमची चाळ जुनी, मजल्यांना लाकडी फळ्या. गॅलरीच्या टोकाला कुणी बादली आपटली तरी फळ्याफळ्यांतून धक्का थेट टाकीपर्यंत यायचा. त्यामुळं मास्टरांनी मजल्यावरच्या प्रत्येकाला चालायला शिकवलं होतं. मलाही शिकवलं. "टाच नको. बोटांवर तर अजिबात नको, चोर चालतो तसं. आख्खा पाय टेकव, पण सांगून टेकव." पायाला काय सांगायचं ते मला कळलं नाही, पण महिन्याभरात मी अशी चालायला लागले की दुकानात मालक दचकायचे.

त्या जिवांना दुकानदार काहीतरी इंग्रजी नावानं ओळखायचा. चाळीत त्यांना 'मास्टरचे किडे' म्हणत. मास्टरांना किडे म्हटलेलं खपायचं नाही. ते म्हणायचे, मंडळी. "मंडळी जेवली." "मंडळींचा मूड नाही आज." आता जुन्या माणसांत मंडळी म्हणजे बायको, त्यामुळं घोळ व्हायचे. एकदा गावाहून कुणी पाहुणे आले. खुर्चीवर टेकत त्यांनी विचारलं, "काय, मंडळी कुठंयत?"

"आत गेली," मास्टर कोरडेपणानं म्हणाले. "तुम्ही जिन्यात धपाधप आलात ना."

पाहुणे बराच वेळ अवघडून बसले होते. काकू चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांनी उठून माफी मागितली.

काकू म्हणजे मास्टरांच्या पत्नी, कणकवलीकडच्या. बोलणं पक्कं मालवणी. मला त्या 'घाटावरचा चेडू' म्हणायच्या, म्हणजे घाटावरची पोर. टाकीपायी त्यांच्या घरातून बऱ्याच गोष्टी गेल्या होत्या. तांबं या जिवांना विष, म्हणून लग्नातला तांब्याचा हंडा आणि दोन कळशा खालच्या मजल्यावर कांबळेकाकांकडं गेल्या. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, सगळ्याला बंदी, कारण धूर पाण्यात उतरतो. मग उदबत्तीशिवाय देव कसे ठेवायचे? तर देव माझ्या खोलीत आले. खरंच. दोन खोल्यांच्या मधलं दार बंद करून त्यातली एक मला भाड्यानं दिली होती, आणि खोलीबरोबर एक देव्हारा, दोन टाक, एक गणपती आणि रवळनाथाचा फोटो मिळाला. काकू रोज सकाळी सहाला पूजेला यायच्या. मी अंथरुणात, त्या देव्हाऱ्यापुढं. "माझ्या देवांका घराभायर काढल्यानी गो ह्या किड्यांपायी," असं मला सांगायच्या आणि मग देवांनाही सांगायच्या.

मास्टरांना हा नाद लागला कसा, ते त्यांनीच सांगितलं. विरारहून नात आली होती, तिला गोल्डफिश पाहिजे होता. मास्टर क्रॉफर्ड मार्केटच्या मागं माशांच्या दुकानात गेले. तिथं एका टाकीत हा एकच पिसारा फुललेला. काय आहे म्हणून विचारलं, तर दुकानदारानं काचेवर टिचकी मारली. पिसारा गायब. मास्टर तिथंच उभे राहिले. बाहेर कधी येतो बघत राहिले. पाऊण तास. दुकानदारानं स्टूल दिलं.

"तीस वर्षं मी वाजवलं," मास्टर मला म्हणाले, "आणि वाजवलं की माणसं घरातून बाहेर आली. म्हातारी आली, आजारी आली. हा पहिला भेटला, जो वाजवल्यावर आत गेला. म्हटलं, ह्याला घरी न्यायचा."

गोल्डफिश राहिला तो राहिलाच. नात रडत विरारला गेली.

पहिला जीव मास्टरांच्या चुकीनं मेला. समुद्राचा आहे ना, मग समुद्राचंच पाणी देऊ, म्हणून त्यांनी गिरगाव चौपाटीवरून दोन कॅन भरून आणले. चार दिवसांत तो नळी सोडून बाहेर आला आणि वाळूवर पडून राहिला. नळीबाहेर तो खरंच किड्यासारखा दिसत होता, हे मास्टरांनी फक्त मला सांगितलं, तेही दार लावून. त्यानंतर पाकिटातलं खास मीठ आलं. पालिकेचं पाणी एक दिवस उघडं ठेवायचं, त्यात मीठ घालून ते दुसऱ्या दिवसापर्यंत मोटरीनं घुसळत ठेवायचं, मग काचेचा तरंगता काटा सोडून खारटपणा बघायचा. एकदा काकूंनी चुकून त्या बादलीतल्या पाण्यात भात लावला. पहिला घास मी खाल्ला आणि तोंड धरून मोरीकडं पळाले, तेही आख्खा पाय टेकवत. मास्टरांनी घास घोळवून घोळवून गिळला आणि म्हणाले, "मीठ बरोबर आहे."

भरवायची वेळ संध्याकाळी सातची. आधी टाकीची मोटर बंद करायची, म्हणजे पाणी थांबतं. पंखा बंद. काकूंची मालिका बंद. मग मास्टर लांब काचेच्या नळीत हिरवं पाणी ओढून घ्यायचे आणि पिसाऱ्यापासून वीतभर लांब, अगदी सावकाश सोडायचे. हिरवा ढग तरंगत तरंगत जायचा आणि पिसारे एकेक केस हलवून त्यातलं काहीतरी पकडून आत न्यायचे. मी एकदा विचारलं, थेट वरच का नाही सोडत? मास्टर दुखावले. "अंगावर ओतलं की आत जातात. जेवण वाढायचं असतं, कोंबायचं नसतं."

सातव्या नळीतला सगळ्यांत उशिरा बाहेर यायचा. बाकीचे पाच मिनिटांत, तो अर्ध्या तासानं. त्याचं नाव साहेब. साहेब बाहेर आल्याशिवाय मास्टर वाढायला सुरुवात करत नसत. उरलेले सहा उपाशी थांबायचे.

ते हिरवं पाणी म्हणजे डोळ्यांना न दिसणारं समुद्री शेवाळ. ते मास्टर घरीच वाढवायचे. गॅलरीच्या कठड्याशी सरबताच्या पाच मोठ्या बाटल्या, प्रत्येकीत हवेची नळी बुडबुडे सोडणारी. एका पावसाळ्यात बाटल्यांतलं पाणी रोज दोन बोटं कमी व्हायला लागलं. मास्टर म्हणाले, उडून जातं. मी म्हटलं, पावसाळ्यात? शेवटी एका सकाळी पप्या सापडला.

पप्या म्हणजे आमच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष. तिसऱ्या मजल्यावर राहायचा, लहानपणी मास्टरांच्याच पार्टीत ढोल शिकलेला. आता जिमला जायचा आणि दंड मोजून घ्यायचा. जिममधून वर जाताना तो रोज एका बाटलीतून अर्धा ग्लास ओतून पीत होता.

"स्पिरुलिना आहे ना मास्टर?" तो ग्लास लपवत म्हणाला. "आमच्या ट्रेनरनं सांगितलं, हिरवा रंग आला म्हणजे एक नंबर माल."

"किती दिवस?"

"पंधरा-एक झाले असतील. खारट लागतं, पण सवय झाली."

"काय झालं का?"

"नाय मास्टर. एकदम फ्रेश."

मास्टरांनी बाटलीकडं बघितलं, पप्याकडं बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण ते म्हणाले, "हलवून प्यायलास का? खाली बसतं सगळं. हलवून घ्यायचं." आणि दुसऱ्या दिवसापासून कठड्याशी सहावी बाटली आली, तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं, 'पप्या'.

चाळीत मास्टरांच्या कानांची मोठी ख्याती होती. दारावर हात पडायच्या आधीच ते दार उघडायचे. पोस्टमन जिना चढून आला की मास्टर उंबऱ्यात उभे. कोण येतंय तेही अर्ध्या वेळा बरोबर सांगायचे. "कांबळे आले," म्हणायचे, आणि कांबळेकाका यायचे. लोक म्हणत, वादकाचा कान, चेष्टा नाही.

मग मे महिन्यात गल्लीचा रस्ता काँक्रीटचा करायला घेतला. चांगला डांबरी रस्ता होता, तो फोडायला चार-पाच मशिनं लावली. सकाळी आठला सुरू, संध्याकाळी सातला बंद. मांडणीवरची भांडी आपोआप सरकत कडेला यायची. मंडळी आत गेली ती गेलीच. मास्टरांनी स्टँडच्या पायांखाली गाद्या घातल्या. घरातल्या सगळ्या. काकू आणि ते चटईवर झोपले. पाचव्या दिवशी सकाळी वाळूवर एक पिसारा पडलेला दिसला, देठासकट, फुलासारखा गळून पडलेला. आठवड्याभरात सातही गळले. साहेबाचा शेवटी.

मास्टरांनी ते चिमट्यानं उचलून स्टीलच्या वाटीत ठेवले आणि वाटी समोर घेऊन बसून राहिले.

"दुकानदाराला फोन करा," मी म्हटलं.

"मी फोनवर बोलत नाही."

ते खरंच कधी बोलत नसत. विक्षिप्तपणा, असं आम्ही धरून चाललो होतो. मग फोन मीच केला. दुकानदार म्हणाला, नळ्या टाकू नका, आतला जीव जिवंत असेल तर पिसारा पुन्हा येतो, दोन-तीन महिने लागतील. पण त्यात दुसऱ्यांदा गळला तर मात्र तो वाचत नाही, तेवढी ताकद राहत नाही. मी हे मास्टरांना सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं टक लावून बघत ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या नळ्यांना रोज सातला जेवण वाढायला सुरुवात केली.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. काकू बाजारात गेलेल्या, मी किल्ली विसरलेली. दुसरी मास्टरांकडं असायची, ते त्यांचं दार उघडतील म्हणून थांबले. उघडलं नाही. वाजवलं. जोरात वाजवलं. मग गॅलरीतल्या खिडकीशी गेले, तर ते आत दोन हातांवर टाकीपुढं स्टुलावर बसलेले, पाठ माझ्याकडं. "मास्टर!" मी ओरडले. गज हलवले. शेजारचे दोघं बाहेर आले. मास्टर ढिम्म. शेवटी मी देव्हाऱ्यातल्या प्रसादासाठी आणलेल्या साखरफुटाण्यांच्या पुडीतले चार फुटाणे एकेक करून त्यांच्या पाठीवर मारले. चौथ्याला ते वळले. दचकले. आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते बघून मला सगळं कळलं. पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

मास्टरांना ऐकू येत नव्हतं. तीस वर्षांच्या ढोलानं कान नेले होते. इतकी वर्षं दारावर कोण आलं ते त्यांना मंडळी सांगत होती. फळ्यांवरून कुणी आलं की पिसारे आत जायचे आणि मास्टर उठून दार उघडायचे. किती गेले, कुठले गेले, यावरून ते पाऊल ओळखायचे. कांबळेकाका आले की तीन जायचे. काकू आल्या की एकही नाही.

"मशीन का नाही लावत कानाला?" मी खुणा करत विचारलं. आमच्याच दुकानाच्या शेजारी मिळायची.

"लावलं होतं. सगळं ऐकू आलं," मास्टर म्हणाले. "काय काय बोलतात गं लोक! काढून ठेवलं."

रात्री स्वयंपाक करताना काकूंना सांगावं की नको, या विचारात मी होते. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ह्येंका ऐकाक येणा नाय, ता माका म्हायत हा. तू खंय बोलू नको." आणि भाकरी उलटली. वाजवणं का सोडलं, तेही त्यांनीच सांगितलं. एका मिरवणुकीत मास्टरांनी हात वर करून पार्टी थांबवली आणि स्वतःच वाजवत राहिले. एकटेच. कुणीतरी येऊन मनगट धरेपर्यंत. घरी आले आणि ढोल देऊन टाकला.

जुलैच्या शेवटी नळ्यांच्या तोंडाशी काहीतरी दिसायला लागलं. दात घासायच्या ब्रशाएवढं, मळकं. मग हळूहळू पट्टे आले. श्रावणात साहेबही आला. मास्टरांनी आख्ख्या मजल्याला पेढे वाटले आणि प्रत्येकाला बजावलं, चावताना आवाज नको.

आणि पुढच्याच रविवारी गणपतीचं आगमन होतं. आमच्या मंडळाची मूर्ती कारखान्यातून गल्लीत यायची ती मोठ्या थाटात. चाळीस ढोलांची पार्टी, आणि नाक्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत ती आमच्या गॅलरीखालूनच जायची. एरवी मंडळी त्या दिवशी चार-पाच तास आत बसायची आणि संध्याकाळी बाहेर यायची. यंदा पिसारे अर्धेच वाढलेले. आता गळले तर संपलं.

मास्टर खाली कांबळेकाकांकडं गेले. कांबळेकाका बँकेतून निवृत्त झालेले, घरात भिंतभर पुस्तकं, बाबासाहेबांच्या फोटोखाली टेबल. गल्लीतला कुठलाही अर्ज त्यांच्याच टेबलावर लिहिला जायचा. गणपतीशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण अर्ज म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"जीवांचं शास्त्रीय नाव सांगा. अर्जाला वजन येतं."

आम्हांला माहीत नव्हतं. काकांनी थोडा विचार करून 'सन्माननीय जलचर' असं लिहिलं. विषय असा होता : 'सात सन्माननीय जलचरांच्या प्रकृतीस्तव आगमन मिरवणुकीतील वाद्यवादन नाका ते पिठाची गिरणी या दरम्यान स्थगित ठेवणेबाबत.' खाली चाळीतल्या बावीस जणांच्या सह्या. पप्याची नव्हती, कारण अर्ज त्यालाच होता.

पप्यानं अर्ज दोनदा वाचला. "मास्टर, तुम्ही? तुम्ही सांगता वाजवू नका? अहो, कोण मेलं असेल तरच वाद्यं बंद होतात. लोक विचारतील."

"विचारू दे."

"मी सांगीन एक वेळ. पण पोरं ऐकणार नाय. रंगात आलेला ढोल तोंडानं थांबत नाय, तुम्हीच शिकवलंय. हात लागतो. तुम्ही समोर उभे राहता का?"

मास्टरांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. पप्याला त्यातली मेख माहीत नव्हती. मला होती. चाळीस ढोल हातानं थांबवायचे, आणि ते थांबले की नाही हे ऐकू येणार नाही.

"राहतो," मास्टर म्हणाले.

बातमी गल्लीत पसरली ती निम्मीच. वाद्यं बंद, का? तर मास्टरची मंडळी सिरियस आहेत. शुक्रवारपासून काकूंना भेटायला लोक यायला लागले. कुणी शहाळं, कुणी मोसंबी. फणसवाडीहून एक मावसबहीण डोळे पुसतच वर आली, तर काकू सुरमई साफ करत बसलेल्या.

"माका काय एक जावक नाय," काकू म्हणाल्या. "पण शहाळा ठेवून जा."

रविवारी चारला मास्टर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून खाली उतरले. मी टाकीपाशी, हातात पांढरा टॉवेल. खिडकीतून त्यांना मी दिसत होते. ठरलं होतं असं, की मंडळी आत गेली तर टॉवेल दाखवायचा, म्हणजे कुठंतरी वाजतंय. काकू गॅलरीत. नाक्यावर ढोल सुरू होता तेव्हाच फळ्या थरथरायला लागल्या होत्या आणि सातही नळ्या रिकाम्या होत्या. मी टॉवेल धरून उभी.

मास्टर नाक्यावर रस्त्याच्या मधोमध गेले, पार्टीकडं तोंड करून. उजवा हात वर केला. सगळ्यांना दिसेपर्यंत तसाच धरला. आणि मूठ मिटली.

थांबलं. चाळीसही. शेवटचा ताशा अर्ध्या ठेक्यात तुटला.

पण मिरवणूक थांबली नाही. मास्टर उलटं चालत आमच्याकडं यायला लागले, मूठ तशीच वर, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी हवेत ठेका धरला. पुढच्या रांगेतल्या पोरांनी एकमेकांकडं बघितलं, आणि टिपऱ्या उचलल्या. ढोलाच्या चामड्यापासून बोटभर वर थांबवत ती वाजवायला लागली. चाळीस ढोल, पूर्ण जोरात, आवाज न करता. आधी नाचणारे नुसते उभे होते. मग पप्यानं दोन्ही हात वर केले आणि तो मुका नाचायला लागला, त्याच्यामागं अख्खी गल्ली. गुलाल उडत होता. एवढी मोठी मूर्ती ट्रॉलीवर डुलत येत होती. ऐकू येत होता तो फक्त चाकांचा करकर आवाज आणि चपलांची सरसर. कडेवरचं एक पोर रडलं, तर त्याच्या आईनं त्याच्या तोंडात पेढा घातला. एकजण दुसऱ्याच्या कानात विचारत होता, "कोण गेलं रे?" आणि दुसरा गॅलरीतल्या काकूंकडं बोट दाखवून, मग गोंधळून, बोट खाली घेत होता.

ते आमच्या खिडकीखाली आले. मास्टरांनी वर बघितलं. मी टॉवेल उचलला नव्हता. टाकीत एक पिसारा बाहेर आला होता, मग दुसरा. खालून दोनशे माणसं नाचत जात होती आणि मंडळी एकेक करून उमलत होती. सहा झाले. मी नळीकडं बघत राहिले. साहेब अर्धा तास न घेता, चार-पाच मिनिटांत बाहेर आला. मी खिडकीतून सात बोटं दाखवली.

मास्टरांची मूठ पिठाच्या गिरणीपर्यंत खाली आली नाही. मूर्तीची ट्रॉली वळणाआड गेली तेव्हा त्यांनी हात सोडला आणि तो खांद्यातून चोळत, तीन महिन्यांतच फुटलेल्या काँक्रीटकडं बघत ते परत यायला लागले. ठरल्याप्रमाणं पार्टी पुढच्या रस्त्याला लागल्याशिवाय वाजवणार नव्हती. गल्ली रिकामी, गुलालानं लाल. आणि कुठल्या गॅलरीतून आधी सुरू झालं कळलं नाही, दोन्ही बाजूंच्या चाळींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कठड्यांवर, फळ्यांवर हात आपटत. कांबळेकाका दारात उभे राहून वाजवत होते. काकूंनी पिठाचा डबा वाजवला. मास्टर मान खाली घालून चालत होते. डोक्यावर एवढा गडगडाट होता आणि ते एक खड्डा चुकवून बाजूनं गेले.

वर आले तेव्हा टाकीत सात रिकाम्या नळ्या होत्या. ते दारातच थांबले.

"कुणी वाजवलं?" त्यांनी मला विचारलं. आवाज फाटलेला. "वळणाच्या आधी सुरू केलं का पोरांनी?"

"नाही," मी त्यांच्यासमोर उभी राहून, तोंड नीट दिसेल असं म्हणाले. "टाळ्या होत्या."

"बाप्पा तर पुढं गेला होता."

"तुमच्यासाठी होत्या."

मास्टरांनी स्टूल ओढलं आणि टाकीपुढं बसले. एकेका नळीत डोकावून बघितलं, पहिलीपासून सातवीपर्यंत. सातवीपाशी जरा जास्त वेळ.

"साहेबसुद्धा गेला?"

"सगळ्यांत आधी."

"मग बऱ्याच वाजल्या असणार," मास्टर म्हणाले, आणि काकूंनी पुढं केलेलं शहाळं त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.